'फक्त आपल्याकडेच सापडतो' लिहायच्या आधी एवढं तपासा

प्राण्या-पक्ष्यांचे फोटो टाकताना 'एन्डेमिक', म्हणजे प्रदेशनिष्ठ, ठरावीक प्रदेशातच सापडणारा, असं लिहायची घाई बरेच जण करतात, सह्याद्रीत दिसला की झाला प्रदेशनिष्ठ! तसं नसतं. आधी विचारायचं, प्रदेशनिष्ठ, पण कुठल्या प्रदेशाचा? शेकरूचंच घ्या ना, आपला राज्यप्राणी, भीमाशंकरचं अभयारण्यच त्याच्यासाठी आहे, भारताबाहेर कुठेच नाही म्हणजे भारतापुरता प्रदेशनिष्ठ, पण सातपुड्यात आणि पूर्व घाटातही आहे, मग 'फक्त सह्याद्रीतला' कसं म्हणणार?

तर पहिलं काम, शास्त्रीय नाव शोधा आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रेड लिस्टवर (कुठल्या जातीला किती धोका आहे याची यादी) ते टाकून नकाशा उघडा. मराठी-इंग्रजी नावावर अजिबात जाऊ नका. मलबारी कवड्या धनेश, नावात मलबार, पण तो मध्य भारतातही आहे आणि श्रीलंकेतही. मलबारी राखी धनेश मात्र खरंच फक्त पश्चिम घाटातला. दोघांत गोंधळ होत असेल तर चोच बघा, कवड्याच्या चोचीवर मोठा टोप असतो आणि त्यावर काळा डाग, राखीला टोपच नाही, हा पक्षी आकारानेही लहान असतो आणि झाडीतून कोणीतरी वेड्यासारखं खो-खो हसल्यासारखा ओरडतो. एकदा ऐकलात की विसरणार नाही. आणि हो, श्रीलंकेतला राखी धनेश आणि आपला हे पूर्वी एकाच जातीत धरायचे, आता वेगळे धरतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातली यादी जशीच्या तशी उचलू नका.

नकाशात कुठला रंग कशासाठी ते नीट वाचा, कारण प्राणी जिथून संपला तो भागही त्यात दाखवलेला असू शकतो. आशियाई सिंह आज जंगलात फक्त गुजरातेत आहे पण एकेकाळी इराण-इराकपर्यंत होता, तो इथे उरलाय, त्याला गीरचा प्रदेशनिष्ठ म्हणणं मला तरी पटत नाही, बाकीकडे माणसाने मारून संपवला हेच त्यात झाकलं जातं.

देशाची सीमा शेवटी बघा. चौशिंगा नेपाळमध्येही आहे, माळढोक पाकिस्तानातही, तेव्हा या दोघांना 'भारतीय उपखंडापुरता' लिहा. शंका असेल तर सरळ ठिकाण आणि तारीख टाका, 'एन्डेमिक' शब्द नंतरही जोडता येतो.