पी.ए.चं लायसन्स मिळालं, पण बिल कुणाच्या नावावर?

मी अमेरिकेत पी.ए., म्हणजे फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत काम करत पेशंट तपासणारी) आहे. इन्शुरन्स कंपनीच्या मंजुरीसाठीची माझी फाइल अडली ती मधल्या नावामुळे. न्यू जर्सीच्या लायसन्सवर वडिलांचं नाव आणि लग्नानंतर काढलेल्या मालप्रॅक्टिस इन्शुरन्सच्या (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा) सर्टिफिकेटवर नवऱ्याचं. आडनाव तेच, फक्त मधलं अक्षर वेगळं. आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. इथल्या हेल्थ इन्शुरन्स कंपनीने मात्र फाइल बाजूला ठेवली आणि मला कळवलंही नाही. पाच आठवड्यांनी मीच फोन केला, तेव्हा कारण कळलं.

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट म्हणून नव्याने लागणाऱ्या आपल्या मुलामुलींनो, लायसन्स म्हणजे काम करायची परवानगी. त्या कामाचे पैसे मिळायला प्रत्येक इन्शुरन्स कंपनीकडे वेगळं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे कागदपत्रांची तपासणी आणि मंजुरी, लागतं, आणि त्यात तीन-चार महिने सहज जातात. म्हणून ऑफर स्वीकारली की त्याच आठवड्यात कागद जमवायला घ्या.

दहा आकडी एनपीआय नंबर (आरोग्यसेवा देणाऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) फुकट मिळतो, तो आधी काढा. मग सीएक्यूएच या सामायिक वेबसाइटवर प्रोफाइल भरा; बहुतेक खासगी कंपन्या माहिती तिथूनच उचलतात. लायसन्स, डीईए (नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठीची नोंदणी), एनसीसीपीए या पी.ए.ची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट, मालप्रॅक्टिस, सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. दर 120 दिवसांनी सीएक्यूएचवरची माहिती बरोबर असल्याची पुन्हा ग्वाही द्यावी लागते. ती चुकली की चालू फाइलही थांबते, म्हणून फोनवर अलार्म लावा.

सीव्हीत महिना आणि वर्ष दोन्ही लिहा. सहा महिन्यांहून मोठा खंड असेल तर विचारणा होतेच. आईच्या आजारपणासाठी मी आठ महिने साताऱ्याला होते. तसं दोन ओळींत लिहून दिलं, पुढे कुणी काही विचारलं नाही. लपवू नका.

मेडिकेअरचा (मुख्यतः 65 वर्षांवरच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) अर्ज वेगळा, तो त्यांच्या पेकॉस या ऑनलाइन सिस्टीमवर. 2022पासून मेडिकेअर पी.ए.ला थेट पैसे देऊ शकतं, तरी नोकरीत असाल तर ते पैसे घेण्याचे हक्क क्लिनिककडे सोपवल्याची सही करावी लागते. पी.ए.चा दर डॉक्टरांच्या दराच्या 85 टक्के.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मंजुरी येईपर्यंत "डॉक्टरांच्या नावावर बिल टाकू" असं कुणीतरी सुचवेल. मलाही सुचवलं होतं. मेडिकेअरमध्ये त्याला वाट आहे, पण अरुंद: पेशंटला आधी डॉक्टरांनी तपासून उपचार ठरवलेले हवेत आणि त्यांची देखरेख हवी. नवा पेशंट किंवा नवी तक्रार त्यात बसत नाही. खासगी कंपन्यांचे नियम वेगवेगळे, ते लेखी मागवा. ज्या पेशंटला डॉक्टरांनी पाहिलंच नाही, त्याचं बिल त्यांच्या नावाने जाणं ही फसवणूक आहे, आणि तपासणीच्या नोटवर सही तुमची असते. मी नाही म्हटलं. तोवर ज्या कंपन्यांची मंजुरी आली होती तेवढेच पेशंट माझ्याकडे लावले गेले.

मंजुरीचं पत्र आलं की त्यातली लागू होण्याची तारीख बघा. पत्राची तारीख वेगळी असते, आणि बऱ्याच कंपन्या लागू तारखेआधीच्या व्हिजिटचे पैसे देत नाहीत. ती तारीख अपॉइंटमेंट लावणाऱ्या ताईंना लिहून द्या, मगच त्या कंपनीचे पेशंट घ्या.