सायकलचा बॅटरी पॅक घरी बनवायचा असेल तर, आणि बंद पडला तर कुठे बघायचं

नाशिकच्या सिडकोतून सातपूर एमआयडीसीत रोज सायकलने जातो, मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यभागीच बसवलेली मोटर) आहे आणि पॅक घरी बनवलेला आहे. त्यामुळे गल्लीतले, कंपनीतले कोणी ना कोणी पॅक पिशवीत घालून घेऊन येतात, बघा ना जरा, चार्ज फुल दाखवतो पण चढावर बंद पडते. दरवेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मल्टिमीटर हातात नीट बसलेला नसेल तर पॅकच्या नादी लागू नका, आधी महिनाभर मीटर वापरा. विशेषतः लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्टेज बघायला जाणं, ही चूक खूप जण करतात आणि ती म्हणजे थेट शॉर्ट आहे, कारण त्या भोकातून मीटर साध्या वायरसारखाच वागतो. आणि पॅकला स्विच नसतो, तो कायम चालूच असतो, हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

माझा पॅक १०एस४पी आहे. म्हणजे चार सेल पॅरललमध्ये जोडून एक ग्रुप आणि असे दहा ग्रुप सिरीजमध्ये, एकूण ४० सेल. १८६५० सेल म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, नॉमिनल ३.६ व्होल्ट, फुल ४.२. दहा ग्रुपचे झाले ३६ व्होल्ट, फुल चार्जला ४२. सेल २६०० एमएएचचे, म्हणून चारांचे १०.४ अँपिअर अवर, गुणिले ३६ केलं की साधारण ३७४ वॉट अवर. सपाट रस्त्याला पॅडल मारत गेलं तर किलोमीटरला १० ते १२ वॉट अवर लागतात, म्हणजे ३० किलोमीटर आरामात. पण हाच हिशोब धरून त्र्यंबकला जाऊन परत यायचं ठरवू नका, जाताना चढ आहे आणि वाटेत वारा समोरून लागला की आकडा पार बदलतो. कंट्रोलर, म्हणजे पॅकमधून मोटरला हवा तेवढा करंट देणारा डबा, १५ अँपिअरचा आहे, चार सेलमध्ये वाटला की एका सेलवर पावणेचार अँपिअर येतात, म्हणून सेलच्या डेटाशीटमध्ये सलग ५ अँपिअर तरी झेपतात असं लिहिलेलं हवं. बीएमएस, म्हणजे प्रत्येक ग्रुपवर लक्ष ठेवून कुठलाही ग्रुप फार वर किंवा फार खाली गेला की पॅक बंद करणारं सर्किट, २० अँपिअरचा घेतला.

आता सेल. इथेच सगळ्यात जास्त फसवणूक आहे आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात कोणाचं तरी घर जळू शकतं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी नवे म्हणून सेल मागवले होते, चकचकीत कव्हर, वर मोठा आकडा. घरच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम! चांगला १८६५० सेल ४४ ते ४९ ग्रॅमच्या आसपास भरतो. सगळे परत पाठवले. ९९०० एमएएच असं छापलेलं दिसलं तर तिथूनच मागे फिरा, या साइजमध्ये नेहमी मिळणारे चांगल्यातले चांगले सेलही ३५०० च्या आसपासच असतात. लॅपटॉपच्या भंगारातले सेल टॉर्चला ठीक, सायकलला नको, प्रत्येकाचं वय वेगळं आणि एक म्हातारा सेल सगळ्या ग्रुपला खाली ओढतो.

सेल आले की प्रत्येकाला नंबर घाला. मी मार्करने १ ते ४० लिहितो आणि वहीत चार रकाने करतो, आलेला तेव्हाचा व्होल्टेज, इंटर्नल रेझिस्टन्स, टेस्टरवर निघालेली क्षमता, आणि फुल चार्ज करून दोन आठवडे तसाच ठेवल्यावरचा व्होल्टेज. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे, कारण आतून गळणारा सेल दुसऱ्या कुठल्याच टेस्टमध्ये सापडत नाही. दोन आठवड्यांनी बाकीचे ४.१७ ला असताना एखादा ४.०८ दाखवत असेल तर तो बाजूला काढायचा, नवा असला तरी. मग क्षमतेप्रमाणे ग्रुप पाडायचे, प्रत्येक ग्रुपची बेरीज जवळपास सारखी आली पाहिजे. आणि ग्रुप जोडण्याआधी त्यातल्या चारही सेलचा व्होल्टेज ०.०५ च्या आत आणायचा, नाहीतर जोडल्याजोडल्या जास्तवाला कमीवाल्यात धाडकन करंट ओततो.

सेलची रचना एकदा जवळून बघून घ्या. वरचं बटण प्लस, पण त्याच्या भोवतीची कड आणि अख्खं अंग मायनस, दोघांच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर आणि वर पातळ प्लास्टिकचं कव्हर. सेल एकमेकांना जोडणारी निकेल पट्टी त्या कडेवर घासत राहिली, खड्ड्यांत हादरे बसले आणि कव्हर फाटलं की सेल स्वतःमध्येच शॉर्ट. म्हणून प्रत्येक प्लसवर बार्ले पेपरची (करंट न जाऊ देणाऱ्या जाड कागदाची) गोल रिंग चिकटवायचीच, ४० च्या ४०. अर्ध्या तासाचं काम आहे, कंटाळा करू नका.

सेलवर थेट सोल्डर मारायचं नाही, उष्णता आत जाते आणि सील खराब होतं. स्पॉट वेल्डिंगच, म्हणजे क्षणभर मोठा करंट देऊन पट्टी सेलवर ठिपक्या ठिपक्यांनी चिकटवायची. पट्टी ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद, आणि शुद्ध निकेलची, कारण निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास निकेल म्हणून विकतात आणि तिचा रेझिस्टन्स जास्त, ती तापते. चुंबकाने कळत नाही, निकेलही चुंबकाला चिकटतं. तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तांबूस गंज दिसला की लोखंड. वेल्ड आधी मेलेल्या सेलवर मारून बघायचा आणि पक्कडीने पट्टी ओढायची, पट्टी फाटून ठिपक्याच्या जागी निकेलचे तुकडे सेलवरच राहिले पाहिजेत. सहज सोलून निघाली तर वेल्ड कच्चा. एका सेलवर किमान चार ठिपके, दोनवर भागवू नका, पुढे सांगतो का ते.

वेल्डिंगला बसताना अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून ठेवा, चष्मा लावा आणि हत्यारांना इन्सुलेशन टेप गुंडाळा. माझ्या हातून एकदा पक्कड निसटून दोन ग्रुपवर आडवी पडली होती, डोळे दिपले आणि पट्टीला चण्याएवढं भोक पडलं. तेव्हापासून ज्या बाजूचं काम चालू नाही ती बाजू मी पुठ्ठ्याने झाकून ठेवतो.

बीएमएस जोडताना घाई नको. बॅलन्सचा कनेक्टर (प्रत्येक ग्रुपचा व्होल्टेज बीएमएसला दाखवणाऱ्या बारीक वायरींचा) बीएमएसमध्ये न लावता वेगळा ठेवायचा, त्याच्या वायरी पॅकला सोल्डर करायच्या, म्हणजे सेलवर नाही तर पट्टीच्या बाहेर आलेल्या शेपटीवर. दहा ग्रुपला ११ वायरी, पहिली काळी मुख्य मायनसवर, मग पहिल्या ग्रुपचा प्लस, दुसऱ्याचा, असं वर वर. सगळं झालं की मीटरची काळी पिन काळ्या वायरवर धरून एकेक पिन मोजत जा, सेल ३.७ ला असतील तर ३.७, ७.४, ११.१ असं चढत चढत ३७ पर्यंत गेलं पाहिजे. एक जरी आकडा मागेपुढे झाला तर कनेक्टर लावायचा नाही, लावला की बीएमएस गेला. आधी बी मायनसची (पॅकच्या मुख्य मायनसवरून बीएमएसला जाणारी) जाड वायर, मग बॅलन्स कनेक्टर, आणि काढताना उलट. मुख्य वायरी १२ गेज सिलिकॉनच्या, प्लसवर फ्यूज, जिथे वायर दुसऱ्या वायरवरून जाते तिथे कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर टेप), वरून जाड श्रिंक (गरम केलं की आवळणारं प्लास्टिकचं कव्हर), आणि डब्यात चहूबाजूंनी फोम. पॅक डब्यात हलता कामा नये.

पहिलाच पॅक असेल आणि वजनाची फार फिकीर नसेल तर माझं मत एलएफपीकडे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलकडे आहे. ३२७०० साइजचे ६ अँपिअर अवरचे सेल, १२एस२पी केले की ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर अवर. सेलच साडेतीन किलोच्या आसपास जातात, १८६५० चा माझा पॅक त्याच्या जवळपास निम्मा आहे. पण हे सेल उष्णता जास्त सोसतात आणि टिकतातही जास्त. फक्त बीएमएस आणि चार्जर दोन्ही एलएफपीचे हवेत, चार्जर ४३.८ व्होल्टचा, ४२ चा जुना चार्जर लावून काम भागवायचं नाही.

आता बिघाड.

पाथर्डी फाट्याकडून येणारे आमच्या कंपनीतले एक काका आहेत, त्यांची सायकल सपाटीला मस्त चालायची आणि जरा चढ आला की सगळं बंद, थोडं थांबलं की परत चालू. फुल चार्ज करून मोजलं तर ४१.५७ व्होल्ट, म्हणजे वरून बघणाऱ्याला पॅक उत्तम. पण बॅलन्सच्या पिनांवर एकेक ग्रुप मोजला, नऊ ग्रुप ४.१५ आणि सातवा ४.२२. मग त्यांना म्हटलं पॅक वापरा, बंद पडायला लागला की चार्ज न करता तसाच आणा. आणला तेव्हा नऊ ग्रुप ३.५ आणि सातवा २.९.

हे दोन वेळचं माप म्हणजे अख्ख्या निदानाची चावी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जो ग्रुप फुल चार्जला सगळ्यांच्या वर आणि रिकामं होताना सगळ्यांच्या खाली, त्याची क्षमता कमी झालीय, लहान लोटा लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो तसं. म्हणजे एखादा सेल म्हातारा झालाय किंवा वेल्ड सुटून बाहेर पडलाय. आणि जो ग्रुप दोन्ही वेळा खालीच असतो त्याची क्षमता ठीक असू शकते पण तो गळतोय, आतून एखादा सेल किंवा बाहेरून बॅलन्स वायर, बीएमएसचा खराब झालेला चॅनल, ओलावा. दोन्ही दुखणी वेगळी, इलाज वेगळे, आणि फक्त एकूण व्होल्टेज बघून दोन्हींतलं काहीच कळत नाही.

काकांचा पॅक उघडला तर सातव्या ग्रुपमध्ये एका सेलची मायनसकडची पट्टी सुटून नुसती टेकलेली. दोनच ठिपके मारलेले होते आणि डब्यात फोम नव्हता, रोजच्या खड्ड्यांनी काम केलं. तो सेल अजून ३.९७ दाखवत होता, बाकीचे तीन त्याचं ओझं वाहून थकले होते. लगेच वेल्ड नाही मारला, आधी त्या तिघांना सुट्या चार्जरने ३.९७ च्या जवळ आणलं, मग सहा ठिपके. उरलेले नऊ ग्रुपही त्याच पातळीला आणून घेतले, कारण बीएमएसचं बॅलन्सिंग फार हळू असतं, काही मिलिअँपिअरच, मोठा फरक ते एका रात्रीत भरून काढत नाही.

पॅक चार्जच होत नसेल तर आधी चार्जर मोजा, मोकळा ४२ दाखवतोय का, मग फ्यूज, मग चार्जिंगची पिन. कट-ऑफ झालेले काही बीएमएस चार्जर लावल्याशिवाय जागेच होत नाहीत, तोपर्यंत आउटपुटला शून्य दिसतं, घाबरू नका. पण एखादा ग्रुप २ व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडून राहिला असेल तर त्याला धक्का देऊन उठवायचं नाही. आत तांबं विरघळलेलं असतं, चार्ज करताना ते आतल्या आत शॉर्ट करतं, आणि ते आजच होईल असं नाही, महिन्याने रात्री होईल. असे सेल काढून टाका.

कंट्रोलरला जोडताना चटकन ठिणगी पडते ती कंट्रोलरच्या कपॅसिटरमुळे, अँटी-स्पार्कवाला एक्सटी९० कनेक्टर लावला की प्रश्न मिटतो. कनेक्टर हाताला गरम लागत असेल तर सोल्डर कच्चा आहे, परत करा. पावसाळ्यात बॅलन्सच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिलने साफ करून पूर्ण वाळू द्या. डबा चारही बाजूंनी सिलिकॉनने बंद करू नका, आत साचलेलं पाणी निघणार कुठून, खालच्या बाजूला एक लहान भोक ठेवा आणि वायर खालूनच आत घ्या. डिसेंबर जानेवारीत निफाडकडून येणारे रेंज कमी झाली म्हणतात ती थंडीने, पॅक रात्री घरात ठेवला की बराच फरक पडतो. एप्रिल मे मध्ये उलट, उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास गार होऊ द्या. दिवाळीला आठ पंधरा दिवस गावी जाणार असाल तर फुल करून ठेवू नका, ३७-३८ व्होल्टवर ठेवा.

चार्जिंग जिन्यात नाही, दाराच्या वाटेत नाही, पलंगाखाली तर नाहीच. फरशीवर, आजूबाजूला कपडे कागद नाहीत अशा जागी, आणि आपण जागे असताना. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला म्हणजे सेल फुटून आतलं द्रव बाहेर येतंय. प्लगपाशी धूर नसेल तर चार्जर बंद करा, शक्य असेल तर पॅक उघड्यावर न्या. पण धूर निघायला लागला की उचलायला जाऊ नका, आधी घरातली माणसं बाहेर, आणि १०१ ला फोन. लांबून मारायला पाणी मिळत असेल तर भरपूर पाणी, कारण सेल गार होणं महत्त्वाचं, पावडरचं सिलिंडर ज्वाळा दाबतं पण आतली उष्णता तशीच राहते.

काढलेले सेल घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबला जातो तिथे ते पेट घेतात आणि त्या गाडीवर माणसं असतात. दोन्ही टोकांना टेप लावायची, प्लास्टिकच्या बरणीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवायचे आणि बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यायची. माझी बरणी गच्चीवरच्या कोपऱ्यात सावलीत असते, काकांच्या पॅकमधून पुढे निघालेला एक गळका सेल सध्या त्यातच आहे.