छतावरच्या वायफायला वेगळा प्लगपॉइंट नको

वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट (राउटरला केबलने जोडून वायफाय पसरवणारा डबा) आणला, पण छताजवळ प्लगच नाही! लोंबकळता एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. लॅन केबलमधूनच वीज नेता येते. त्याला पीओई म्हणतात.

१. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या मागचं लेबल वाचा. ‘८०२.३एएफ’ लिहिलं असेल तर १५.४ वॉटचा इंजेक्टर (लॅन केबलमध्ये वीज सोडणारा छोटा अडॅप्टर) पुरतो, ‘८०२.३एटी’ असेल तर ३० वॉटचा लागतो.

२. इंजेक्टर राउटरशेजारी ठेवा. राउटरची केबल ‘लॅन’ पोर्टमध्ये, वर जाणारी ‘पीओई’ पोर्टमध्ये. मी उलट लावून अर्धा तास शिडीवर चढउतार केली, वरचा दिवा काही लागेना. म्हणून आधी खाली टेबलावरच सगळं जोडून पाहा, मग भिंतीला ड्रिल लावा.

३. केबल अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅक्सेस पॉइंट मधूनच रीस्टार्ट होत राहतो. राउटरपासून वरपर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी.

४. राउटर आणि इंजेक्टर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट गेले तरी वरचं वायफाय चालू राहतं.

एक जपा: ‘पॅसिव्ह’ लिहिलेला इंजेक्टर समोर काय जोडलंय हे न तपासताच २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतो. घरात पडलेला जुना इंजेक्टर लेबल न जुळवता लावलात, तर नवा अ‍ॅक्सेस पॉइंट जळू शकतो.