गच्चीवर व्हर्टिकल अँटेना उभा करताय? या चुका टाळा

पुण्यात आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी हॅम रेडिओचा (हौशी वायरलेसचा) पहिला व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, लावला तो वीस मीटर बँडसाठी. पाच मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप, खाली कोॲक्स केबल (मधे तार, भोवती जाळी), एसडब्ल्यूआर १.२. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १ आला तर काहीच परत येत नाही. मीटर बघून समाधान झालं. पुढचे आठ दिवस सीक्यू (कोणी ऐकतंय का, अशी हाक) देऊन घसा बसला, पण उत्तर काही येईना. माइक ओठांना लागला की बारीक चटका बसायचा आणि बोलायला लागलो की कॉम्प्युटरचे स्पीकर घरघरायचे. एकदा सहज टेबलामागची केबल हातात धरली तर मीटरचा काटा हलला. तेव्हा उलगडा झाला. मी रेडियल्स, म्हणजे पाइपच्या पायथ्यापासून चहूकडे जाणाऱ्या तारा, टाकलेच नव्हते, त्यामुळे केबलची बाहेरची जाळीच रेडियल बनून घरभर आरएफ (रेडिओ लहरी) पसरवत होती.

एसडब्ल्यूआर चांगला आला म्हणजे अँटेना चांगला झाला, हा समज नव्या हॅमचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. डमी लोडचा (अँटेनाऐवजी चाचणीला लावायच्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर तर १ असतो, पण तो काहीच प्रसारित करत नाही.

पाइप म्हणजे अर्धाच अँटेना

पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा उरलेला अर्धा भाग म्हणजे रेडियल्स. जमीन आदर्श असेल तर अशा अँटेनाचा रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास असतो आणि केबल ५० ओहमची, म्हणजे एसडब्ल्यूआर साधारण १.४ यायला हवा. तो हुबेहूब १ दिसला तर शंका घ्या. बहुधा वरचे १४ ओहम नुसती उष्णता करत आहेत. लोडिंग कॉइल लावून आखूड केलेल्या अँटेनात हे फार महागात पडतं. समजा त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स १० ओहम आहे आणि जमिनीच्या तोट्याचे ४०. बेरीज ५०, एसडब्ल्यूआर अगदी सुंदर, आणि १०० वॉटमधले ८० वॉट वाया.

मी चार रेडियल्स टाकले, तर एसडब्ल्यूआर १.२ वरून १.५ वर गेला. आकडा बिघडला, पण त्याच संध्याकाळी पहिलं उत्तर आलं.

बंगल्याच्या आवारात, मातीवर अँटेना असेल तर रेडियल्सची लांबी फार काटेकोर नसली तरी चालते. तिथे दोन-चार लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड तारा बऱ्या. गच्चीवर मात्र रेडियल्स स्लॅबपासून उचलून ताणायचे, आणि प्रत्येक पाव तरंगलांबीचा कापायचा. समोरासमोर दोन तरी हवेत, चार असले तर उत्तम. ते आडवे न ठेवता ४५ अंशांत खाली उतरते केले तर रेझिस्टन्स ५० ओहमच्या जवळ येतो. ट्रान्समिट करताना रेडियलच्या टोकांवर बराच व्होल्टेज असतो, त्यामुळे टोकं हात पोचणार नाही इतकी उंच बांधा. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया-पापडांचं वाळवण असतं, मुलं पळत असतात, हे धरूनच उंची ठरवा.

हल्ली गळती थांबवायला बऱ्याच सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. हा पत्रा रेडियल्सचं काम छान करू शकतो. अट एकच, पत्रे एकमेकांना विजेच्या दृष्टीने खरोखर जोडलेले हवेत. रंगाचा थर आणि गंजलेले स्क्रू यांच्यामधून जोड होत नाही, उलट खरखर वाढते. मल्टिमीटरने दोन टोकांच्या पत्र्यांमध्ये कंटिन्युइटी बघा, मगच त्यावर विसंबा.

आधी जास्त लांब ठेवा, मग कापा

७१.३ ला मेगाहर्ट्‌झने भागलं की पाव तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. वीस मीटर बँडवर १४.२ ला ५.०२ मीटर, चाळीस मीटर बँडवर ७.१ ला १०.०४ मीटर, दोन मीटर बँडवर १४५ ला ४९ सेंटिमीटर. चूक होते ती पहिल्याच दिवशी नेमकं मापून कापण्यात. पाइप चार-पाच टक्के लांब ठेवा, मीटरवर सर्वांत कमी एसडब्ल्यूआर कुठे येतो ते बघा आणि त्रैराशिक मांडा. ५.१० मीटरला हा खळगा (सर्वांत कमी एसडब्ल्यूआर) १३.९ वर आला आणि हवा १४.२ वर, तर ५.१० गुणिले १३.९ भागिले १४.२, म्हणजे ४.९९. अकरा सेंटिमीटर कापायचे. तेही दोन हप्त्यांत.

चाळीस मीटरवर व्हर्टिकल लावून "कोल्हापूर, नाशिक ऐकू येत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात बिघाड काही नाही. व्हर्टिकल लहरी क्षितिजाजवळ फेकतो, सरळ वर जवळजवळ काहीच नाही. दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या गप्पांसाठी लहरी वर जाऊन खाली याव्या लागतात, आणि ते काम कमी उंचीवरचा आडवा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार) करतो. सकाळच्या नेटसाठी (ठरलेल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या हॅमच्या गप्पांसाठी) डायपोल, परदेशासाठी व्हर्टिकल. जागा असेल तर दोन्ही लावा.

केबल, पाणी आणि डाग

एचएफवर (वीस-चाळीस मीटरसारख्या बँडवर) आरजी-५८ ही बारीक कोॲक्स केबल चालून जाते. दोन मीटरवर मात्र तीस मीटर आरजी-५८ मधून साधारण पाव पॉवरच वर पोचते. तिथे पैसे जाड केबलवर घाला.

केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर वॉटरप्रूफ नसतो. जाळीला सोल्डरचा कच्चा डाग देऊन वरून नुसती काळी टेप गुंडाळली की एका पावसाळ्यात पाणी जाळीतून मीटरभर आत चढतं. आधी स्वतःत चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, त्यावर पीव्हीसी टेप खालून वर, म्हणजे पाणी कौलांवरून ओघळावं तसं ओघळेल. केबल खिडकीतून आत घेताना बाहेर खाली एक झोल सोडा. फीडपॉइंटपाशी (केबल अँटेनाला जोडते तिथे) ३१ मिक्स या प्रकारच्या २.४ इंची फेराइट रिंगवर केबलचे दहा-बारा फेरे घ्या. माझा माइकचा चटका त्यानंतर पूर्ण बंद झाला.

गच्चीच्या कोब्यात अँकर बोल्ट ठोकू नका. गळती सुरू झाली की वरच्या मजल्यावरचे काका आधी तुमच्याच दारात येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. काँक्रीट भरलेला जुना टायर आणि तीन दिशांना ताण (पाइप धरून ठेवणाऱ्या दोऱ्या) पुरतात. ताणाला साधा नायलॉन नको, उन्हाने तो कुजतो. पॉलिएस्टरची दोरी आणा. लिफ्टच्या मशीन रूमपासून शक्य तितक्या लांब अँटेना उभा करा, नाहीतर प्रत्येक फेरी रिसीव्हरमध्ये ऐकू येईल.

बिघाड शोधताना

वाऱ्यावर एसडब्ल्यूआर नाचतो तेव्हा पाइपचा सांधा ढिला किंवा काळवंडलेला असतो. सांधा खोलून घासा, क्लिप पुन्हा आवळा. केबलवर संशय असेल तर वर अँटेनाच्या जागी डमी लोड लावा. तरीही खाली एसडब्ल्यूआर १ आला नाही, तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा. मग वरचं टोक मोकळं सोडा आणि खाली रिगऐवजी (रेडिओ सेटऐवजी) नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना-केबल तपासायचं छोटं यंत्र, लावून एसडब्ल्यूआर मोजा. धडधाकट केबलवर आकडा खूप मोठा यायला हवा. तो ३ आला, तर वर पोचेपर्यंतच अर्धी पॉवर केबल खाते आहे. अशी केबल सरळ काढून टाका.

जिवाशी खेळ नको

विजेच्या तारा जवळ असतील तर अँटेना आणि त्याचा आधार यांच्या एकूण उंचीच्या दीडपट अंतर सोडल्याशिवाय पाइप उभा करायचाच नाही. एकट्याने तर कधीच नाही. वर चढणारा, ताण धरणारा आणि फक्त तारांकडे बघणारा, अशी तीन माणसं हवीत.

एप्रिल-मेचे वळीव आणि ऑक्टोबर, या काळात दुपारनंतर ढग दाटून येतात. लायटनिंग अरेस्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारा जोड) केबल घरात शिरण्याआधी बाहेरच लावा आणि त्याचं अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगशी जाड तांब्याच्या तारेने जोडा. थेट वीज पडली तर हेही पुरत नाही. म्हणून पहिला गडगडाट व्हायच्या आत केबल रिगमधून काढून खिडकीबाहेर ठेवायची. गडगडाट सुरू झाला असेल तर मात्र केबलला हातसुद्धा लावायचा नाही.