आधी अंदाज, मग समीकरण

भौतिकशास्त्राचं उदाहरण वाचून झालं की हात लगेच सूत्राकडे जातो. तो दोन मिनिटं आवरा. आकृती काढा, उत्तराचा अंदाज बांधा आणि तो कागदावर लिहा. मनातला अंदाज उत्तर आल्यावर गुपचूप बदलतो.

समजा, कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या एका टोकाला ३ किलोचा ठोकळा आहे, दुसऱ्या टोकाला २ किलोचा. कप्पी नि दोरी वजनरहित, घर्षण नाही. दोरीत ताण किती? जड ठोकळा वेग घेत खाली जातो, म्हणजे ताण त्याच्या वजनाहून, २९.४ न्यूटनहून, कमी. हलका वेग घेत वर जातो, म्हणजे ताण १९.६ हून जास्त. पुष्कळ जण वजनांची बेरीज (४९) किंवा वजाबाकी (९.८) करून मोकळे होतात. ही दोन्ही उत्तरं इथेच बाद झाली.

आता प्रत्येक ठोकळ्याची बलांची आकृती वेगळी काढा. ज्याची जी गतीची दिशा, ती धन:

२९.४ − ताण = ३ × त्वरण
ताण − १९.६ = २ × त्वरण

बेरीज केली की त्वरण १.९६, आणि ताण २३.५२ न्यूटन. अंदाजात बसतं.

नेहमीची चूक चिन्हात होते. दोन्हीकडे 'वर' धन धरलं, पण दोन त्वरणांची चिन्हं उलट असतात हे विसरलं, तर त्वरण −९.८ आणि ताण शून्य येतो. म्हणजे दोन्ही ठोकळे मोकळे पडताहेत, दोरी असून नसल्यासारखी! बीजगणितात काहीच खटकत नाही. चूक पकडतो तो अंदाजच.

आकडे शक्यतो शेवटी घाला. सूत्र अक्षरांत असलं तर टोकाच्या स्थिती तपासता येतात: वस्तुमानं सारखी असली तर ताण एकाच्या वजनाइतका, एक शून्य केलं तर ताण शून्य.

अंदाज चुकतोही. उतारावरून न घसरता गडगडणारा जड गोळा हलक्यापेक्षा लवकर पोचेल असं वाटतं, पण समीकरणात वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही उडून जातात. उरतं फक्त एवढंच, की वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरलंय: भरीव गोळ्याचं त्वरण घर्षणरहित घसरणाऱ्या ठोकळ्याच्या ५/७, कड्याचं (रिंगचं) १/२. अशा वेळी उत्तर नुसतं मान्य करून पुढे जाऊ नका, कारण शोधा. कड्याची निम्मी गतिज ऊर्जा फिरण्यात खर्च होते, भरीव गोळ्याची फक्त २/७. मग पोकळ गोळा या दोघांच्या मध्ये येणार, हे गणिताआधीच सांगता येतं. करून पाहा, ३/५ येतं.