ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर मंद का चालतो? कारण शोधण्याचा क्रम

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवला, पडद्यावर ४.९ गिगाहर्ट्झ हा आकडाही दिसू लागला, आणि तरीही व्हिडिओ रेंडर व्हायला पूर्वीइतकाच किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, अशी तक्रार आता वारंवार ऐकू येते. पूर्वी चुकीचे ओव्हरक्लॉकिंग बहुधा संगणक थिजून किंवा निळा पडदा येऊनच कळत असे. आताचे प्रोसेसर तापमान, वीज आणि व्होल्टेज यांवर स्वतःच नजर ठेवतात आणि मर्यादा गाठली की बंद पडण्याऐवजी वेग उतरवतात. त्यामुळे दोष समोर येत नाही, फक्त काम रेंगाळते. अशा वेळी अंदाजाने सेटिंग्ज बदलत बसण्यापेक्षा प्रोसेसरला नेमके काय रोखते आहे ते आधी पाहावे. ते पाहता येते आणि बहुतेक वेळा त्यासाठी काहीही खर्च येत नाही.

आधी मूळ आकडा हवा

सध्याची सेटिंग्ज बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जतन करावीत, मग सर्व काही मूळ स्थितीत आणून सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी घ्यावी आणि मिळालेले गुण खोलीच्या तापमानासह लिहून ठेवावेत. एकच फेरी घेऊन थांबू नये, कारण सुरुवातीला कूलर थंड असतो आणि तेवढ्यात मिळालेले गुण फसवे असतात. हा आकडा हाती नसेल तर ‘अपेक्षेपेक्षा कमी’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. अपेक्षासुद्धा एकदा हिशेबाने तपासावी: ४.६ वरून ४.८ गिगाहर्ट्झ म्हणजे जेमतेम ४.३ टक्के वाढ, म्हणजे वीस मिनिटांचे रेंडरिंग फार तर पन्नास सेकंद लवकर संपेल. ४के रिझोल्यूशनवर गेम खेळताना तर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर असतो, त्यामुळे तिथे फरक दिसला नाही तर त्यात प्रोसेसरचा दोष नाही.

मूळ स्थितीत जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे केलेले बदल बायोसमध्ये शिल्लक तरी आहेत का. ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक वसाहतींत दुरुस्तीच्या कामांसाठी काही तास वीज बंद राहते, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपत आला असेल तर तेवढ्या वेळात सर्व सेटिंग्ज पुसली जातात. संगणक मग मूळ वेगावर निमूटपणे सुरू होतो. विंडोजमधले घड्याळ इंटरनेटवरून स्वतःला दुरुस्त करून घेते, म्हणून तारीख आणि वेळ बायोसमध्येच पाहावी. ती मागे पडलेली असेल तर सेल बदलावा. नवा सेल ३ व्होल्टचा असतो आणि कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

दिसणारा वेग आणि प्रत्यक्ष वेग

एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कोअरसाठी (प्रोसेसरच्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागासाठी) दोन नोंदी असतात, एक साध्या क्लॉकची आणि दुसरी इफेक्टिव्ह क्लॉकची. पहिली नोंद मागितलेला वेग सांगते, तर दुसरी प्रत्यक्षात झालेल्या कामाचा वेग सांगते. संगणक रिकामा असताना कोअर झोपलेले असतात आणि दुसरा आकडा फारच खाली दिसतो, त्याने दचकू नये. सर्व कोअरवर पूर्ण भार असताना मात्र दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. तिथे शंभर-दोनशे मेगाहर्ट्झची तफावत असेल, तर व्होल्टेज कमी पडते आहे असे समजावे. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करणारे सेटिंग) एकदम उणे ३० वर नेल्यावर हे हमखास आढळते: संगणक स्थिर, वेग जसाच्या तसा, आणि गुण मात्र घसरलेले. उणे २० किंवा उणे १५ वर येऊन पुन्हा चाचणी घ्यावी आणि निर्णय गुणांवरून करावा. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेज कमी केल्यावर सीईपी नावाची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि असाच परिणाम घडवते.

रायझनवर आणखी एक फसगत होते. सर्व कोअरना हाताने एकच वेग ठरवून दिला की प्रोसेसरची गरजेनुसार वेग वाढवणारी स्वतःची बूस्ट व्यवस्था बंद होते. रायझन ५ ५६००एक्स मूळ स्थितीत एखाद्या कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो; त्याला ४.४ वर कायमचे बांधले तर रेंडरिंग किंचित सुधारते, पण एकाच कोअरवर चालणारी रोजची कामे पूर्वीपेक्षा मंदावतात. अशा प्रोसेसरला हाताने वेग बांधून देण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही.

उष्णता

साध्या आणि इफेक्टिव्ह क्लॉकचे आकडे जुळत असूनही वेगच खाली येत असेल, तर त्याच प्रोग्रॅममधील ‘परफॉर्मन्स लिमिट रीझन्स’ हा भाग उघडावा. इंटेलच्या प्रोसेसरवर तिथे थर्मल, पॉवर आणि करंट यांपैकी कोणती मर्यादा लागली आहे ते थेट ‘येस’ किंवा ‘नो’ असे दिसते. आपल्या भागात थर्मलपुढे ‘येस’ दिसण्याची शक्यता अधिक, आणि त्याचे कारण सरळ आहे. हवेने असो वा पाण्याने, कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर ठेवतो, त्याखाली नेऊ शकत नाही. जानेवारीच्या रात्री २४ अंशांच्या खोलीत ८८ अंशांवर स्थिरावलेला प्रोसेसर एप्रिलच्या दुपारी ३४ अंशांच्या खोलीत त्याच भाराखाली ९८ अंशांच्या आसपास जातो. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ आणि ५८००एक्सची ९० अंश आहे. म्हणजे हिवाळ्यात निर्दोष ठरलेले सेटिंग उन्हाळ्यात काहीही न बिघडता अपुरे पडते.

तरीही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून नवा कूलर आणण्याआधी तापमान कसे वाढते ते पाहावे. भार सुरू करताच एक-दोन सेकंदांत आकडा मर्यादेला भिडत असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरपर्यंत पोहोचतच नाही: थर्मल पेस्ट वाळलेली आहे, स्क्रू एका बाजूला सैल आहेत, किंवा पाण्याच्या कूलरचा पंप बंद आहे. पंपाचा वेग एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतो. तो शून्य किंवा फारच कमी असेल तर बायोसमध्ये त्या जोडणीला पूर्ण वेग द्यावा. पेस्ट बदलायची असल्यास जुनी पूर्ण पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवावा आणि स्क्रू तिरक्या जोडीने थोडेथोडे आवळावेत.

उलट तापमान पाच-दहा मिनिटांत सावकाश चढत असेल, तर पेस्टला हात लावण्याची गरज नाही. तिथे हवा कोंडली आहे. आपल्याकडे जागेच्या टंचाईमुळे कॅबिनेट बहुधा टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात, भिंतीला पाठ लावून बसवलेले असते. त्याची बाजूची पट्टी काढून चाचणी घ्यावी. तापमान पाच अंश किंवा त्याहून जास्त उतरले तर दोष हवेच्या वाटेचा आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडसारख्या भागांत मेट्रो आणि इमारतींच्या कामांमुळे समोरच्या जाळीवर धुळीचा थर झपाट्याने बसतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाऱ्याने भलत्या वेगाने फिरते आणि बेअरिंग खराब होते. जाळी धुतल्यास ती पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, आणि पावसाळ्यात त्याला वेळ लागतो.

विजेची मर्यादा

प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.७ वरून ४.९ गिगाहर्ट्झवर जाण्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावे लागले, तर वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि वीज सुमारे बावीस टक्क्यांनी. इंटेल प्रोसेसरना पीएल१ ही दीर्घकाळाची आणि पीएल२ ही थोड्या वेळाची अशा दोन मर्यादा असतात. कोअर आय७-१०७००केसाठी त्या १२५ आणि २२९ वॅट, तर अवधी ५६ सेकंद. चाचणीचा पहिला मिनिट उत्तम जाऊन मग वेग पायरी उतरल्यासारखा खाली येत असेल, तर हेच कारण आहे. एएमडीमध्ये हीच भूमिका पीपीटी ही वीजमर्यादा बजावते. ५८००एक्ससाठी ती १४२ वॅट आहे.

मर्यादा बायोसमध्ये वाढवता येते, पण तिचा भार मदरबोर्डच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर पडतो. स्वस्त बोर्डवर त्या भागाला नीटसा हीटसिंकही नसतो. तो तापला की बोर्ड प्रोसेसरला प्रॉकहॉट हा वेग उतरवण्याचा संकेत पाठवतो. इंटेलवर वेग मग अचानक ८०० मेगाहर्ट्झपर्यंत कोसळतो, क्षणात पुन्हा वर जातो आणि पुन्हा कोसळतो. प्रोसेसरचे तापमान सत्तरच्या घरात आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा, असे दिसले तर व्हीआरएमवर हवा जाईल असा एक पंखा लावावा. एवढ्याने भागले नाही तर मर्यादा कमी करावी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असून २०२४ नंतरच्या बायोस अपडेटनंतर गुण घसरले असतील, तर ते गुण परत मिळवण्यासाठी जुन्या बायोसकडे वळू नये. अतिरिक्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरची कायमची हानी होत असल्याचे आढळल्यावरच ते मायक्रोकोडमधले (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांमधले) बदल आले आहेत.

रॅम आणि विंडोज

ओव्हरक्लॉकचा एखादा प्रयत्न फसून संगणक दोन-तीनदा स्वतःहून सुरू-बंद झाला, की अनेक मदरबोर्ड रॅमलाही मूळ वेगावर आणून ठेवतात. ३२०० किंवा ३६०० ची डीडीआर४ रॅम मग २१३३ वर चालते, आणि प्रोसेसरमध्ये कमावलेले सारे तिथे जाते. टास्क मॅनेजरमध्ये वेग तपासावा आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारे बायोसमधले प्रोफाइल) पुन्हा सुरू करावे. दोन पट्ट्या असतील तर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाने १९ क्रमांकाच्या नोंदी साचत असतील, तर हार्डवेअर चुका करून त्या दुरुस्त करण्यात वेळ घालवते आहे असे समजून वेग एक पायरी खाली आणावा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के ठेवली असल्यास बूस्ट बंद पडतो. ती १०० करावी.

सर्व दुरुस्त्या झाल्यावर अंतिम चाचणी एसी बंद ठेवून भर दुपारी घ्यावी. तिथे टिकेल ते सेटिंग बायोसमध्ये वेगळ्या प्रोफाइलमध्ये जतन करावे आणि मार्च ते जूनपर्यंत तेच लावावे. माझ्या मते शंभर मेगाहर्ट्झ सोडून व्होल्टेज ०.०५ ने उतरवलेला प्रोसेसर त्या चार महिन्यांत, वारंवार वेग उतरवत धडपडणाऱ्या ४.९ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरपेक्षा अधिक काम उरकतो. दोन्ही प्रोफाइलवर दहा मिनिटांची चाचणी घेऊन हे आपल्या खोलीतच पडताळून पाहता येईल.