तिसरी चढाई: आधी दम सांभाळा

माझ्या कबड्डी संघातल्या मुली संध्याकाळी साडेपाचला मॅटवर येतात. त्यांच्यातली कोण घाबरलीय हे मी पाठ फिरवून उभी असले तरी सांगू शकते. दम ऐकायचा, बस्स. एरवी लयीत 'कबड्डी कबड्डी' म्हणणाऱ्या पोरीचा आवाज दडपण आलं की पातळ होतो, वर चढतो, शब्द एकमेकांवर आदळायला लागतात. पाय त्यानंतर चुकतात. म्हणून मनाची तयारी मी दमापासून सुरू करते.

हे शिकले ते मार खाऊन. जिल्ह्याचा अंतिम सामना, एका गुणाने मागे, आणि तिसरी चढाई माझ्या वाट्याला. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मध्यरेषा ओलांडली आणि मी विचार करायला लागले: डावा पाय आधी टाकू की उजवा? कित्येक वर्षं जो पाय आपसूक पडत होता, त्याची मी परवानगी मागत होते! जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार केला की अडखळायला होतं, तसंच. ३० सेकंद संपले. मला कुणी धरलं नाही, मीही कुणाला शिवले नाही. बाद.

आता मुलींकडून काय करून घेते ते सांगते.

आधीची चढाई संपली की पुढची पाच सेकंदांत सुरू करावी लागते. म्हणजे शांत व्हायला एकच श्वास मिळतो. तो आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यावर जोर द्या: तोंडाने, सावकाश, पोट आत जाईपर्यंत. मग छाती भरून घ्या आणि दम सुरू करा, तोही मुद्दाम खालच्या आवाजात. सुरुवातच वर केली तर पुढे चढायला जागा उरत नाही. काळजाची धडधड थांबणार नाही, थांबवूही नका. अंग तापलंय, एवढाच तिचा अर्थ घ्या.

त्याच पाच सेकंदांत तळवे शॉर्ट्सला पुसायचे आणि मनात एक शब्द म्हणायचा. आमच्या एकीचा शब्द आहे 'गुडघा'. कोपऱ्यातली खेळाडू घोट्यावर झेपावण्याआधी गुडघ्यात वाकते, म्हणून नजर तिथे. शब्द असा हवा की लक्ष समोर जाईल, स्वतःच्या पायांकडे नाही. 'घाबरू नको' हा शब्द बाद, त्यात भीतीचंच नाव आहे.

निर्णयही बाहेरच करून जा. 'कोपरा पुढे आला तर पायाने शिवायचं, मागेच राहिला तर मधलीवर हात टाकायचा.' दोनच. तिसरा पर्याय आला की आत गेल्यावर गोंधळ. वेळेचा अंदाज अंगात मुरावा म्हणून सरावात २० व्या सेकंदाला मी शिट्टी मारते. काही दिवसांनी शिट्टीआधीच त्यांची हालचाल सुरू होते.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो खोट्या सामन्याचा. सरावाची शेवटची दहा मिनिटं, सगळ्या दमलेल्या. फळ्यावर २८-२९ लिहायचं, तिसरी चढाई जाहीर करायची, आणि बाकीच्यांनी कडेला उभं राहून आरडाओरडा करायचा, नावाने चिडवायचंसुद्धा. पूर्वी हरणारीला मैदानाच्या फेऱ्या द्यायचे. ते बंद केलं, कारण पोरी गुण आणायला नाही, फेऱ्या चुकवायला आत जायला लागल्या. आता हरलेला गट मॅटचे तुकडे उचलून रचतो. बोचायला तेवढं पुरतं.

बसमध्ये जाताना डोळे मिटून एक अख्खी चढाई बघा, घड्याळ लावून, ३० सेकंदांचीच. जिंकल्याचं चित्र रंगवू नका. कुणीतरी घोटा धरलाय आणि तुम्ही रेषेकडे सरकताय, हे बघा.

बाद होऊन बाहेर बसलात की पाणी, टॉवेल, आणि समोरच्यांचा कोणता कोपरा दमलाय ते शोधणं. डोकं धरून बसलेली खेळाडू परत आत आली तरी बाहेरच बसलेली असते.

गेल्या महिन्यात आमची एक नववीतली पोर तिसऱ्या चढाईत सापडली. तिघींच्या खाली दबलेली, बोटं मध्यरेषेपासून वीतभर लांब, आणि त्या ढिगातून तिचा दम येत होता. खालच्या आवाजात, लयीत, पंचांची शिट्टी वाजेपर्यंत.